हॉर्न वाजला की थोरली येते

घोडेवाल्या बाईंचे मिस्टर निवृत्त झाले आणि पहिल्या आठवड्यातच बाईंच्या लक्षात आलं, की नवरा ही गोष्ट आपण आजवर फक्त सकाळी आणि रात्री वापरलेली आहे. तो दिवसभर घरात असला तर त्याचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. घोडा असता तर चरायला मोकळा सोडला असता.

मिस्टरांनी उभा जन्म बस चालवली. डेपोत सगळे त्यांना 'उस्ताद' म्हणायचे. घराच्या गल्लीत मात्र उस्ताद वगैरे कुणी नव्हतं. तिथे ते बाईंचे मिस्टर होते आणि तेवढेच होते. बाईंची घोडेस्वारीची शाळा होती. वडिलांच्या वेळी घोडागाड्या होत्या. गाड्या गेल्या, घोडे राहिले, आणि त्यांच्या खाण्याची सोय व्हावी म्हणून बाईंनी लोकांना त्यांच्यावर बसायला शिकवायला सुरुवात केली. दोघांचं लग्नसुद्धा रस्त्यावरच जमलेलं. घोडागाडी बसला आडवी आली म्हणून हे तरुणपणी पागेत भांडायला आले, चहा पिऊन गेले, आणि पुढच्या खेपेला आईवडिलांना घेऊन आले.

"माझं ते भांडण अजून पुरं झालेलं नाही," असं ते अधूनमधून म्हणत.

"माझं तर सुरूही झालेलं नाही," असं बाई म्हणत.

पागेत जनावरं चार. त्यातली तपकिरी घोडी सगळ्यांत वयस्कर, म्हणून ती थोरली. अंगाने भरलेली, स्वभावाने गरीब, फक्त हॉर्नच्या बाबतीत हळवी. हॉर्न ऐकला की जागच्या जागी उडी मारायची. पूर्वी हे खपून जात होतं. पागेतून पुलापलीकडच्या माळावर जायला मोठ्या रस्त्याचा एक तुकडा लागतो, आणि त्या तुकड्यावर तेव्हा मिस्टरांची बस आणि चारदोन सायकली सोडल्या तर काही नसायचं. मग रस्त्याच्या कडेला भलीथोरली वसाहत झाली. घरटी मोटार आली. बाईंच्या विद्यार्थ्यांची रांग माळाकडे निघाली की तिच्यामागे मोटारींची रांग लागायला लागली. मग हॉर्न, मग थोरलीची उडी. अशाच एका उडीत शिकायला येणाऱ्या बँकेतल्या बाई खोगिरावरून निघाल्या आणि कडेच्या चरात जाऊन बसल्या. लागलं काही नाही. इतक्या ऐटीत पडलेलं माणूस घोडेवाल्या बाईंनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. पाठ ताठ, हनुवटी वर, हातात छडी तशीच. पण चरात चिखल होता आणि बघणारे पुष्कळ होते.

दुसऱ्याच दिवशी वाहतुकीचे साहेब पागेत आले. साहेब सौम्य होते आणि त्यांना सदानकदा सर्दी असायची.

"बाई, घोड्यांशी माझं काही वाकडं नाही. वाकडं आहे ते माझ्या नाकाचं," ते रुमालाआडून म्हणाले. "पण पुन्हा असं काही घडलं, तर मला हा रस्ता घोड्यांना बंद करावा लागेल."

रस्ता बंद म्हणजे माळ बंद. माळ बंद म्हणजे पागेच्या अंगणात गोल गोल. गोल फिरायला माणूस हौसेने एकदा येतो, दुसऱ्यांदा त्याला घरी काम निघतं. आणि शिकणारेच आले नाहीत तर ही चार तोंडं पोसायची कशी? म्हातारी घोडी कुणी विकत घेत नाही, आणि जे घेतात त्यांना ती कशासाठी हवी असते हे बाईंना चांगलं माहीत होतं.

"त्यात काय एवढं!" मिस्टर म्हणाले. रिकामं बसून त्यांचे हात शिवशिवत होते. "सवय नाही म्हणून बिचकते. सवय मी लावतो. हॉर्न हा माझा विषय आहे."

विषय खरोखरच त्यांचा होता. निरोपाच्या दिवशी डेपोतल्या मंडळींनी त्यांना घड्याळ किंवा छत्री न देता, मोडीत निघालेल्या त्यांच्या बसचा हॉर्न काढून, पॉलिश केलेल्या फळीवर बसवून, खाली बॅटरी जोडून दिला होता. बाईंनी तो माळ्यावर टाकला होता. मिस्टरांनी तो खाली काढला, पुसला, आणि कुणालाही न सांगता पागेच्या मागे जाऊन दाबला.

चारही घोडे एकदम मागच्या पायांवर उभे राहिले. शेजारच्या काकूंच्या हातातली बादली त्यांच्याच पायावर पडली. बाई पीठ मळत होत्या, तशाच हातांनी बाहेर धावल्या.

"अहो, हे काय बसस्टँड आहे का?"

"अगं, एकदा दणका बसला की—"

"दणका नाही. आधी लांबून, हळू वाजवायचा. आणि चंदीच्या वेळी. तोंडात दाणे असले की जनावर घाबरत नाही. पोट भरत असलं की कान शांत राहतात."

"मग बसमध्ये लोक डबा खाता खाता कसे भांडायचे?"

"ती माणसं होती."

त्या संध्याकाळपासून पागेत नवा नेम सुरू झाला. मिस्टर अंगणाच्या टोकाला उभे राहून हॉर्न वाजवायचे आणि बाई लगेच थोरलीच्या तोंडापुढे चंदीची बादली ठेवायच्या. रोज मिस्टर दोन पावलं पुढे सरकायचे. हळूहळू असं झालं, की थोरलीच्या कानाशी हॉर्न वाजला तरी तिचं अंग हलेना. उलट ती कान पुढे करायची आणि मिस्टरांकडे प्रेमाने बघायची. बाईंनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली; ती थाप त्या फक्त घोड्यांना मारत असत. मिस्टर दोन दिवस गाणं गुणगुणत होते. लग्न झाल्यापासून दोघांचं एखाद्या गोष्टीवर इतकं एकमत पहिल्यांदाच झालेलं. बाईंना घोडा कळत होता, मिस्टरांना हॉर्न कळत होता, आणि दोघांनी मिळून काय करून ठेवलंय ते दोघांनाही कळलं नव्हतं.

ते कळलं सोमवारी. रांग माळाकडे निघालेली. पुढे बाई, मागे टपाल खात्यातले गृहस्थ, त्यांच्या शेजारी थोरलीवर बँकेतल्या बाई. त्या पुन्हा बसायला तयार झाल्या, यात बाईंनी अर्धा तास केलेल्या मनधरणीचा वाटा होता. मागून वसाहतीतल्या दाताच्या डॉक्टरांची मोटार आली. डॉक्टरांना दवाखान्यात पोचायचं होतं. त्यांनी हॉर्न दिला.

थोरलीने उडी मारली नाही. बाईंनी मागे वळून पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. पडला तोच पुन्हा बाहेर आला, कारण थोरली थांबली होती. ती शांतपणे वळली, बँकेतल्या बाईंसकट मोटारीपाशी गेली, आणि तिने खिडकीतून मान आत घातली.

"अहो! अहो, हिला काय पाहिजे?" डॉक्टर सीटवर शक्य तितके पलीकडे सरकले.

"मला काय विचारता? मी फक्त वर बसलेय!" बँकेतल्या बाई वरून ओरडल्या.

घाबरलेल्या माणसाचा हात जिथे जातो तिथेच डॉक्टरांचा गेला. त्यांनी पुन्हा हॉर्न दाबला. थोरलीच्या हिशेबाने ही दुसरी बादली होती. तिने आनंदाने ओठ वर केले आणि डॉक्टरांना जवळून, अगदी दाढांपर्यंत, सगळे दात दाखवले. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा हॉर्न दाबला. मग तिने समोरची काच चाटून काढली. डॉक्टरांनी गडबडीत पाणी पुसायचे दांडे चालू केले, तर त्यातला एक तिने तोंडात धरला आणि चवीला बरा नाही असं पाहून सोडून दिला. बाई घोड्यावरून उतरून पळत आल्या तेव्हा डॉक्टर मागच्या सीटवर होते.

मंगळवारी साहेब आले. या वेळी ते खुर्चीवर बसले नाहीत. "बाई, घोडा बिचकून पळाला तर समजू शकतो. हा वाहनांवर चालून जातो, असं म्हणतात."

"चालून नाही हो. भेटायला जाते."

"रविवारी सकाळी मी पुलाच्या तोंडाशी उभा राहतो आणि डोळ्यांनी बघतो. तिने वाहतूक अडवली, तर सोमवारपासून रस्ता बंद. नाइलाज आहे."

साहेब गेले आणि पागेत तोंडातोंडी झाली.

"तुमचा तो हॉर्न!"

"आणि बादली कुणाची?"

"तुम्ही वाजवलाच नसता—"

"तू नुसतं पाणी ठेवलं असतंस—"

भांडून दमल्यावर दोघांनी तिला विसरायला लावायचं ठरवलं. हॉर्न वाजवायचा आणि काही द्यायचं नाही. थोरलीने पहिल्यांदा वाट पाहिली. दुसऱ्यांदा रिकामी बादली पायाने पुढे ढकलली. तिसऱ्यांदा ती बादली दातात धरून मिस्टरांपाशी घेऊन आली. शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "द्या की बिचारीला! तुमच्याकडे कुणी असं बोलावून उपाशी ठेवतं का?" बाईंनी बादली भरली आणि हात टेकले.

मग मिस्टर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "तू एकदा मागून बघ."

"कुणाच्या मागून?"

"तुझ्या घोड्यांच्या. तू कायम पुढे असतेस. मी कायम मागे होतो."

त्यांनी काकूंच्या मुलाची मोटार उसनी आणली. रांग घेऊन पुढे जायला घोड्यांना नाल ठोकणाऱ्या काकांना विनवलं. मिस्टर चाक धरून बसले, बाई शेजारी. वसाहतीच्या फाटकापाशी त्यांनी रांग गाठली, आणि बाईंनी आपली शाळा पहिल्यांदाच पाठीमागून पाहिली.

समोर दोन भरदार ढुंगणं शेजारी शेजारी, संथपणे डावी-उजवीकडे झुलत होती. त्यांच्यावर टपाल खात्यातले गृहस्थ आणि बँकेतल्या बाई निवांत गप्पा मारत होत्या. विषय पाठदुखीचा असावा, कारण गृहस्थ लगाम सोडून कमरेवर कुठे दुखतं ते दाखवत होते. रस्त्याची बरीच रुंदी त्यांनी घेतली होती आणि उरलेली ते बोलण्याच्या भरात घेत होते. एक रुंद जागा आली, गेली. कुणी बाजूला झालं नाही. मागे एक मोटार आहे याचा तिथे कुणालाही पत्ता नव्हता.

"एकामागे एक चालायला काय होतं यांना?" बाई म्हणाल्या.

मिस्टरांनी मोटार आणखी हळू केली.

"ती बघा, आता जागा होती की! अहो, त्यांना काही आहे का नाही? माणसाला कामं असतात!"

"असतात," मिस्टर म्हणाले.

पुढे गृहस्थांनी पूर्ण थांबून पाठीचं दुखणं सविस्तर सांगायला घेतलं, आणि बाईंचा हात आपसूक मिस्टरांच्या पुढून गेला आणि चाकाच्या मधोमध जोरात पडला.

हॉर्न दणाणला. बाईंनी हात भाजल्यासारखा मागे घेतला. पण थोरली तोवर वळली होती. ती आली, खिडकीतून मान आत घातली, आणि आत साक्षात बादलीवाली बसलेली पाहून तिच्या डोळ्यांत जो भाव आला, तो बघून मिस्टरांनी तोंड पलीकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"हसा," बाई म्हणाल्या. "हसून घ्या एकदाचं."

त्या संध्याकाळी त्यांनी शिकणाऱ्यांना अंगणात उभं केलं आणि आवाज न चढवता सांगितलं: रस्त्यावर एकामागे एक. गप्पा माळावर. रुंद जागा आली की कडेला व्हायचं, मागच्यांना जाऊ द्यायचं, आणि थांबलेल्याला हात करायचा. "आपण रस्त्यावर फिरायला येतो. ते पोचायला येतात," त्या म्हणाल्या. मग त्या दाताच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी दार साखळी लावून उघडलं.

"एकटीच आलेय," बाई म्हणाल्या. साखळी निघाली. "डॉक्टर, तुम्हाला रोज उशीर होत होता तो आमच्यामुळे. मला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यायला हवं होतं. आता आम्ही वाट देऊ, तेवढा हॉर्न देऊ नका."

डॉक्टर भांडायच्या तयारीत उभे होते, ते जरा रिकामे झाले. "तसं काही... पण हॉर्न नाही द्यायचा, तर मी मागे आहे हे घोड्याला कळणार कसं?"

"मागे कोण आहे ते घोड्याला आपल्या आधी कळतं. तुम्ही फक्त हळू या, मध्ये अंतर ठेवा. आमच्यापैकी कुणी हात केला की लांबून, सावकाश पुढे जा."

"आणि चुकून वाजला तर?"

"तर काच वर घ्या आणि पुन्हा वाजवू नका. काही मिळत नाही असं दिसलं की ती जाते."

डॉक्टरांनी हे वसाहतीत सगळ्यांना सांगितलं. बाईंनी सांगितलं असतं तर लोकांनी नियम म्हणून ऐकलं असतं आणि सोडून दिलं असतं. डॉक्टरांनी ते काचेपलीकडच्या दातांसकट सांगितलं, त्यामुळे ते मनावर घेतलं गेलं.

राहिला प्रश्न रांगेच्या शेवटाचा. मागे वळून बघायचं, कोण घाईत आहे ते ओळखायचं, पुढचा रस्ता मोकळा आहे का ते पाहून हात करायचा; हे शिकणाऱ्यांना जमणारं नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष न पडण्यात जायचं. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही," मिस्टर म्हणाले. इतकी वर्षं पागेत राहून ते एकदाही घोड्यावर बसले नव्हते. "ज्याला ब्रेक नाही, त्यावर मी बसत नाही."

"थोरलीवर बसा. ओळखीची आहे."

"ओळख खालून आहे."

रविवारी सकाळी ते थोरलीवर बसले. बसवायला नालवाले काका, बाई आणि एक स्टूल लागलं. वर गेल्यावर ते सवयीने आरसा शोधत होते. पुलाच्या तोंडाशी साहेब रुमाल घेऊन उभे होते. रांग निघाली, एकामागे एक, तोंडं बंद. मागून डॉक्टरांची मोटार आली आणि अंतर ठेवून गोगलगाईसारखी चालायला लागली. तिच्यामागे आणखी मोटारी, भाजीचा टेम्पो. मिस्टरांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि हात करणार, इतक्यात समोरून बस आली.

बसवर त्यांच्याच डेपोतला जुना दोस्त होता. उस्तादांना घोड्यावर पाहून त्याचा डोळ्यांवर विश्वास बसेना. डेपोची रीत अशी, की आपला माणूस दिसला की दोनदा हॉर्न.

"अरे, नको रे—" मिस्टर ओरडले.

त्याने दोनदा दिला. तोच आवाज, तीच जात, फळीवरच्या हॉर्नचा सख्खा भाऊ. थोरली रस्ता ओलांडून बसपुढे गेली आणि ड्रायव्हरच्या खिडकीत मान घालून उभी राहिली. बस थांबली. घोडीचं मागचं अंग रस्त्यात आडवं, त्यामुळे मोटारीही थांबल्या. बाईंनी पुलाकडे पाहिलं. साहेब चालत येताना त्यांना दिसत होते.

"उस्ताद, हिला मागे घ्या की," दोस्त खिडकीतून कुजबुजला.

"हिला रिव्हर्स नाही," मिस्टर वरून म्हणाले.

टेम्पोवाला नवखा होता. त्याचा हात हॉर्नकडे गेला. तेवढ्यात डॉक्टर मोटारीतून उडी मारून दोन्ही हात हलवत त्याच्याकडे धावले. "नको! नको! वाजवलात तर आपण संध्याकाळपर्यंत इथेच!" टेम्पोवाल्याने हात मांडीवर ठेवला. बसमधल्या एका आजोबांनी "काय झालं?" असं विचारलं, त्यांना बाकीच्यांनी गप्प केलं. बस, मोटारी, टेम्पो, सगळं उभं आणि सगळं चिडीचूप. साहेबांना शिंक येत होती, तीही त्यांनी नाक धरून परतवली.

थोरलीने वाट पाहिली. दोस्ताचा खिसा हुंगला. बादली येत नाही असं दिसल्यावर तिने एक उसासा टाकला, मान बाहेर काढली, आणि कुणावर उपकार केल्यासारखी परत रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. मिस्टरांना आपलं काम आठवलं. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, हात केला. बस लांबून गेली. मग डॉक्टर, मग मोटारी, मग टेम्पो, एकेक करून, पावलाच्या गतीने. प्रत्येकाने जाताना बोटभर तरी हात वर केला. हॉर्न कुणीच वाजवला नाही.

बाई घोड्यावरून उतरल्या. लपवण्यात अर्थ नव्हता. "साहेब, वाहतूक अडली. चूक आमची आहे. हॉर्न वाजला की चंदी मिळते, हे तिला आम्हीच शिकवलं. आता ती विसरत नाही."

साहेब अजून रिकाम्या रस्त्याकडे बघत होते. "बाई, या खात्यात मला केस पांढरे झाले. इतकी वाहनं अडकून उभी आणि एकही हॉर्न नाही, हे मी आज पहिल्यांदा ऐकलं." त्यांनी दाबून ठेवलेली शिंक दिली. "विसरायला लावू नका तिला. रस्ता चालू राहील."

बाईंनी घोड्याच्या मानेचा आधार घेतला.

"एक अट आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी रुमालानेच वर खूण केली. "रांगेच्या शेवटी रोज हेच पाहिजेत. गाडीवाल्यांची नस यांना बरोबर कळते."

"रोज?" वरून बारीक आवाज आला. "साहेब, मी निवृत्त झालोय."

"मंजूर आहे," बाई घाईघाईने म्हणाल्या, आणि साहेबांचे आभार मानून पटकन स्वार झाल्या. रांग पुलाकडे निघाली. मागून मिस्टर, उतरायचं कसं, कधी आणि कुणाच्या मदतीने, असं काहीतरी विचारत होते. पुढे माळ दिसायला लागला होता. बाईंनी घोड्याला टाच दिली.